६५६ किलोमीटरचा आकडा आणि गावचा रस्ता

कोथरूडच्या आमच्या घरापासून सावंतवाडी तालुक्यातलं सासरचं घर ३८८ किलोमीटरवर आहे. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली आणि मग घाट उतरून गाव. २०२५ च्या गणपतीला हा रस्ता आम्ही पहिल्यांदा विजेवरच्या गाडीने केला. गाडीच्या कागदावर रेंज ६५६ किलोमीटर लिहिलेली. त्यामुळे न थांबता पोहोचू आणि वर अडीचशे किलोमीटर शिल्लक राहतील, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी धरलं नव्हतं, म्हणून एक वही सोबत घेतली आणि प्रत्येक टप्प्याला बॅटरीचा टक्का, वेळ आणि युनिटं लिहीत गेले. हे सगळं त्या वहीतलं आहे.

गाडी महिंद्राची एक्सईव्ही ९ई, मोठ्या बॅटरीची. चाकणला बनणारी. बॅटरी ७९ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ७९ युनिटं. हीच गाडी ५९ युनिटांच्या बॅटरीतही मिळते, तिची कागदावरची रेंज ५४२. दोन्हींत पैशांचा फरक चांगलाच आहे आणि ऑफिसला रोज तीस-पस्तीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ५९ सुद्धा जास्तच होते. आमच्या घरात यावर पंधरा दिवस वाद चालला. नवऱ्याचं म्हणणं, वर्षातून तीनदा गावी जायला एवढे पैसे कशाला घालायचे? माझं म्हणणं, त्या तीन वेळांसाठीच तर मोठी गाडी घ्यायची, नाहीतर छोटी घेऊ. शेवटी ७९ ची आली. माझं म्हणणं बरोबर होतं की नाही हे कोल्हापूरला कळलं. ते पुढे येईलच.

आधी ६५६ चं काय ते सांगते, कारण हा आकडा खोटा नाही, फक्त आपल्या कामाचा नाही. आपल्याकडे रेंज मोजण्याची ठरलेली चाचणी आहे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात. पहिला भाग शहरातला, थांबत-सुटत जाणारा. दुसरा भाग मोकळ्या रस्त्याचा, पण त्यातही वेग ९० च्या वर जात नाही आणि ९० सुद्धा थोडाच वेळ. एसी बंद. ६५६ हा या दोन्ही भागांचा मिळून आलेला आकडा. त्यात पाऊस नाही, खंबाटकी नाही, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत आणि डिकीत गणपतीचं सामान नाही. स्वतः कंपनीसुद्धा प्रत्यक्ष रस्त्यावर पाचशेच्या पुढे असंच म्हणते. मी ७९ युनिटांना शंभर किलोमीटरला १८ युनिटं लागतील असं धरलं आणि ४४० वर आले. वहीच्या पहिल्या पानावर तोच आकडा लिहिला. पुढचं सगळं नियोजन ४४० वर केलं.

सोसायटीतल्या चार्जरची कहाणी मोठी आहे, पण थोडक्यात आवरते. मीटरच्या खोलीपासून आमच्या पार्किंगपर्यंत केबल साठ मीटर. चार्जर ७.२ किलोवॉटचा, म्हणजे तासाला सातएक युनिटं देणारा; ३२ अँपिअर तासन्‌तास वाहणार. समितीतल्या दोघांना आगीची भीती होती आणि ती भीती चुकीची नव्हती. बारीक वायरीवरून एवढी वीज रात्रभर ओढली तर वायर तापतेच. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आपल्या घराच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. तो कागद दाखवला, पण समितीला पटलं ते इलेक्ट्रिशियनने जाड तांब्याची केबल, वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळतीला लगेच तुटणारा ब्रेकर बसवून दाखवल्यावर. कागद दाखवून भांडण्यापेक्षा ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबून दाखवणं बरं, हे तेव्हा उमगलं. रिकामी गाडी पूर्ण भरायला या चार्जरवर बाराएक तास लागतात. रात्री लावायची, सकाळी काढायची. मोबाइलसारखंच. आमच्या पार्किंगच्या पट्ट्यांत १९०७ मिलिमीटर रुंदीची गाडी उभी केली की शेजारच्या काकांना दार उघडताना पोट आत घ्यावं लागतं, तेवढी एक अडचण अजून आहे.

निघताना

चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. आम्ही सोमवारी, २५ तारखेला पहाटे सव्वापाचला निघालो. गाडीत आम्ही दोघं, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. त्या गुडघ्याच्या उपचारासाठी दोन महिने आमच्याकडे होत्या. बॅटरी १००. टायरमधली हवा आदल्या दिवशी माणसं-सामान धरून जेवढी सांगितली आहे तेवढी भरून घेतली होती. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण एवढ्या वजनाच्या गाडीत हवा कमी असेल तर दर शंभर किलोमीटरला युनिट-अर्ध युनिट उगाच जातं.

डिकी ६६३ लिटरची आहे म्हणतात आणि आहेच. पण छप्पर मागे उतरतं असल्यामुळे उंच वस्तू उभी राहत नाही. समया आणि मखराच्या पट्ट्या आडव्या गेल्या, मोदकपात्र गेलं, चार बॅगा गेल्या. आईंची, म्हणजे सासूबाईंची, पत्र्याची ट्रंक मात्र दोन वेळा आत-बाहेर करून शेवटी घरी ठेवली आणि त्यातलं सामान पिशव्यांत भरलं. पिशव्या कुठेही बसतात. बॉनेटखाली आणखी १५० लिटरचा कप्पा आहे, त्यात चार्जिंगची केबल, छत्र्या आणि मुलांचे बूट. त्या कप्प्याचा खरा उपयोग परतीला झाला.

खंबाटकी चढताना पाऊस होता. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा, येताना बोगदा मिळायचा. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाचं काम, वळवलेले रस्ते, पाण्याने भरलेले खड्डे. पावसात विजेची गाडी जास्त खाते हे ऐकून होते, त्या दिवशी पाहिलं. रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायला टायरला जोर लागतो, काचा धुरकटू नयेत म्हणून एसी सतत चालू. मोकळा रस्ता मिळेल तिथे नव्वद-शंभरचा वेग. कोल्हापूरला पोहोचलो तेव्हा २३५ किलोमीटर झाले होते आणि बॅटरी ४६ टक्के. म्हणजे ४३ युनिटांच्या आसपास खर्च, शंभर किलोमीटरला १८ च्या किंचित वर. वहीतला अंदाज जवळजवळ जुळला आणि मला बरं वाटलं.

पुढचे दोन तास मात्र अंदाजाबाहेरचे होते.

कोल्हापूरचा निर्णय

ठरलं होतं असं: कोल्हापूरजवळ हायवेवरच्या हॉटेलात नाश्ता करायचा, तेवढ्यात तिथल्या चार्जरवर ८० टक्के करून घ्यायचं. ॲपवर चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होता. प्रत्यक्षात त्याचा पडदा काळा. वॉचमन छत्री घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, परवापास्नं बंद हाय. पावसात गेलं बघा." मुलांनी नाश्ता केला, आम्ही चहा घेतला आणि दुसऱ्या चार्जरकडे गेलो, चार किलोमीटर पुढे. तो चालू होता. ६० किलोवॉटचा, दोन गनांचा, म्हणजे एका वेळी दोन गाड्यांना लावता येईल असा. दोन्ही गनांवर गाड्या आणि मागे आणखी दोन उभ्या. एका गाडीत मुंबईहून रात्री निघालेलं कुटुंब, मागच्या सीटवर दोन लेकरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. आमच्या गाडीचं कौतुक आहे की २० ते ८० टक्के २० मिनिटांत होतात. होतात, पण १८० किलोवॉटच्या चार्जरवर. ६० च्या चार्जरवर एक गाडी असेल तर तिला पन्नासेक किलोवॉट मिळतात. दुसऱ्या गनेवर दुसरी गाडी लागली की दोघींना तीस-तीस. त्या दिवशी पडद्यावर प्रत्येकीपुढे २८ किलोवॉट दिसत होतं. आमच्या आधी चौघं. साधा हिशोब केला तरी आमचा नंबर यायला दीड ते दोन तास आणि मग आमचा तास.

मी वही बॉनेटवर ठेवली. ४६ टक्के म्हणजे ३६ युनिटं. पुढे १५३ किलोमीटर. हायवेच्याच दराने खर्च झाला तरी २८ युनिटं लागतील, म्हणजे १० टक्के घेऊन घरी. पण निपाणीनंतर हायवे सुटतो आणि वेग आपोआप साठ-सत्तरवर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरवरून ऐंशीवर आलं तर तो सुमारे दोन तृतीयांशावर येतो. शिवाय शेवटी आंबोलीचा उतार. म्हणून ठरवलं: हायवेवर ऐंशीच्या वर जायचं नाही, निपाणीला ३५ टक्क्यांच्या खाली पोहोचलो तर तिथल्या चार्जरवर थांबायचं, वर असलो तर पुढे निघायचं. ठरवल्यावर वाद नको. नवरा म्हणाला, "तू बोलतेस म्हणून चाललोय." मुलीने ३५ चा आकडा हातावर पेनाने लिहून घेतला.

निपाणी, ३७ टक्के. आजरा, २७. आंबोली, २१. तिथे धबधब्यापाशी गर्दी, धुकं आणि गाड्यांची रांग. रांगेत तासभर उभे होतो आणि बॅटरीचा टक्का हललासुद्धा नाही. कारण उभ्या गाडीत फक्त एसी आणि दिवे खातात, इंजिन घरघरत नाही. आईंना हे फार आवडलं. डिझेलच्या गाडीत घाटातल्या रांगेत त्यांना हटकून मळमळायचं.

घाट उतरलो, दाणोलीला पोहोचलो आणि पडद्यावर अजूनही २१. वीस किलोमीटर फुकट. उतारावर मोटार उलटी जनित्र होते आणि बॅटरीत वीज भरते. ब्रेकचं पेडल मी फार थोड्या वेळा दाबलं. घरी पोहोचलो तेव्हा २० टक्के.

आता ५९ युनिटांची बॅटरी असती तर? कोल्हापूरपर्यंतचा खर्च जवळपास तेवढाच, ४३ युनिटं. उरली असती १६. कोल्हापूर ते घर आमचा प्रत्यक्ष खर्च २०-२१ युनिटांचा झाला. म्हणजे त्या रांगेत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं, झोपलेल्या दोन लेकरांच्या मागे, आणखी दोन-तीन तास. आमची मोठी बॅटरी न थांबता जाण्याच्या कामी आली असं मी म्हणणार नाही, कारण थांबायचं तर आम्ही ठरवलंच होतं. ती कामी आली बंद पडलेला चार्जर आणि भरलेला चार्जर दोन्ही ओलांडून जाण्यासाठी. पैसे त्याचेच मोजले होते आणि त्या दिवशी ते वसूल झाले.

पडवीतला लाल दिवा

गावी पोहोचल्यावर सगळे म्हणाले, झालं, पोहोचलो. माझ्या दृष्टीने निम्मंच झालं होतं. घरापासून परत जवळच्या भरवशाच्या जलद चार्जरपर्यंत जायचं तर ये-जा आलीच, आणि गणपतीत बाजार, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, नातेवाइकांकडच्या आरत्या यांसाठी रोज गाडी लागणार. वीस टक्क्यांत हे भागणार नव्हतं.

गाडीबरोबर साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालणारा छोटा चार्जर असतो. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मिक्सर-इस्त्रीसाठी असलेला पडवीतला मोठा सॉकेट दाखवला. लावला. चार्जरवर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. दुसऱ्या खोलीत नेला, तिथेही लाल. पुस्तिका उघडली तर लाल दिव्याचा अर्थ: अर्थिंग नाही.

घर साठ वर्षांचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. वायरिंग तीन वेळा वाढवलेलं. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणून अर्थिंग आहे असं आपण समजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला, त्याने स्क्रू काढून सॉकेट भिंतीतून बाहेर ओढला. लाल आणि काळी वायर जागेवर होती. हिरवी वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलेली. किती वर्षं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याच सॉकेटवर आईंनी वर्षानुवर्षं ओल्या हातांनी मिक्सर लावला होता. हे पाहिल्यावर गाडी बाजूला राहिली आणि घरातला विषय बदलला.

भाऊजींनी मागचा-पुढचा विचार न करता त्याच दिवशी काम काढलं. विहिरीच्या बाजूला, जिथे जमीन बारा महिने थोडी तरी ओली असते, तिथे खड्डा खणला. जांभ्यात खणणं म्हणजे पहारीचं काम, दोघा गड्यांना दुपार लागली. आत पाइप, भोवती कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर, वर माती, आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला तोंड उघडं ठेवलेलं. तिथून जाड वायर थेट मीटरच्या बोर्डापर्यंत. गाडीसाठी बोर्डावरून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, पडवीच्या खांबावर नवा सॉकेट. बाकीच्या घराची हिरवी वायरही त्याच खड्ड्याला जोडली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, मखर लावून होत होतं तेव्हा, चार्जरचा दिवा हिरवा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच रात्री अकराला वीज गेली ती पहाटे पाचला आली. कोकणात पावसाळ्यात हे धरूनच चालायचं असतं.

पुढच्या रात्री नीट गेल्या. संध्याकाळी सातनंतर गावात विजेचा दाब उतरतो. एकदा चार्जरने दाब कमी म्हणून स्वतःच काम थांबवलं. म्हणून मी तो दहा अँपिअरवर ठेवला आणि जेवणं झाल्यावर, दहा-साडेदहाला लावायला लागले. या चालीने रात्रीतून वीस युनिटं बॅटरीत पडत, म्हणजे पंचवीस टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गावातल्या रस्त्यावर पंचवीस टक्क्यांत सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात आणि आमचं आठ दिवसांतलं सगळं फिरणं मिळून १३० किलोमीटर. चार रात्रींचं चार्जिंग आणि एक अर्धवट रात्र, एवढ्यात २० वरून १०० झालं आणि फिरण्याचंही भागलं. कुटुंबाच्या सुट्टीत गाडी बहुतेक वेळ उभीच असते. ज्याच्या सुट्टीच्या ठिकाणी साधा पण सुरक्षित प्लग आहे, त्याला तिथे जलद चार्जर नसला तरी चालतो.

बाबा, माझे सासरे, रोज रात्री पडवीत खुर्ची टाकून चार्जरचा दिवा बघत बसायचे. तिसऱ्या रात्री मीटरपाशी टॉर्च मारून आले आणि विचारलं, "रातभर लाइट खाता गो तुझी गाडी?" त्यांचा प्रश्न बिलाचा होता आणि रास्त होता. त्यांच्या घराचा महिन्याचा वापर ऐंशी युनिटांचा. आमच्या गाडीने मीटरवर आणखी ९३ युनिटं घातली, कारण चार्जिंगमध्ये बारा-तेरा टक्के वीज उष्णतेत जाते आणि त्याचेही पैसे लागतात. शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर मोठी उडी घेतो. म्हणजे आमच्या ९३ पैकी बहुतेक युनिटं वरच्या दराची. मी निघताना भाऊजींच्या हातात बाराशे रुपये ठेवले. त्यांनी नको म्हटलं, आईंनी त्यांना घ्यायला लावले. पाहुणचार आणि वीजबिल यांची गल्लत होऊ नये असं मला मनापासून वाटतं, नाहीतर पुढच्या वेळी प्लग लावताना आपलाच हात अडखळतो.

एक गोष्ट सीटबद्दल. बॅटरी पायाखाली असते त्या गाड्यांत मागची फरशी वर येते, म्हणून बसल्यावर गुडघे थोडे उचललेले राहतात. बाबांना पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत काही वाटलं नाही. आईंना पुण्याहून येताना दुसऱ्या तासानंतर जाणवायला लागलं. साताऱ्यात त्यांना पुढे बसवलं, सीट मागे ओढली, मग शेवटपर्यंत त्रास झाला नाही. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर गाडी घेण्याआधी त्याला मागच्या सीटवर अर्धा तास बसवून फिरवून आणा. शोरूमच्या आवारात एक चक्कर मारून हे कळत नाही.

परत येताना

गौरीबरोबर गणपतीचं विसर्जन झालं, २ सप्टेंबरला. ३ तारखेला सकाळी निघालो. बॅटरी १००. बॉनेटखालच्या कप्प्यात सोलकढीसाठी आगळाच्या बाटल्या आणि, आता विसर्जन झालेलं असल्यामुळे, सुक्या बांगड्यांची आणि जवळ्याची पुडकी. पूर्वीच्या गाडीत ही पुडकी पाच पिशव्यांत गुंडाळूनही पुण्यापर्यंत डोकं उठायचं. हा कप्पा केबिनपासून पूर्ण वेगळा. आत वास आला नाही. कोकणी माणसाला या गाडीची एकच सोय सांगायची झाली तर मी ही सांगेन.

घाटाने मात्र उतरताना दिलं ते चढताना परत घेतलं. दाणोलीला ९९, आंबोलीला ८९. वीस किलोमीटरला दहा टक्के, आठ युनिटं. नवऱ्याने पडद्याकडे बघून विचारलं, "गळतंय का काही?" गळत नव्हतं. गाडी दोन टनांच्या पुढची, आम्ही आणि सामान धरून अडीच टन. एवढं वजन सहाशे मीटर वर उचलायलाच चार युनिटं लागतात. उरलेली नेहमीच्या रस्त्याची आणि मोटारीच्या तुटीची. घाटमाथ्यावर आलं की खर्च पुन्हा सरळ होतो. घाटात पडद्यावरचे ‘शिल्लक किलोमीटर’ बघूच नयेत, टक्का बघावा. किलोमीटरचा आकडा गेल्या काही मिनिटांच्या खर्चावरून पुढचं भाकीत करतो आणि घाटात ते भाकीत हमखास घाबरवतं.

कोल्हापूर ६६, कराड ५०, साताऱ्याजवळ ३८. पुण्यापर्यंत कसंबसं पोहोचलो असतो, बाराएक टक्क्यांवर. पण जेवायचं होतंच. आणि इथे १२० किलोवॉटचा चार्जर चालू आणि मोकळा मिळाला. गन लावली, पडद्यावर ९८ किलोवॉट. ताटं यायला दहा मिनिटं गेली, मुलांचं जेवण निम्म्यावर होतं तेव्हा ॲपने सांगितलं, ७९ टक्के. बावीस मिनिटं. नवरा अर्धं ताट टाकून गाडी हलवायला गेला, कारण मागे एकजण येऊन उभा होता. ऐंशीनंतर चार्जिंगचा वेग तसाही ढासळतो. जागा अडवून शंभरपर्यंत भरत बसणं दुसऱ्यावर अन्याय आहे. एकाच गाडीला कोल्हापुरात तीन तास लागले असते तेच काम साताऱ्यात अर्ध्या जेवणात झालं. म्हणून आता मी प्रवासाआधी चार्जर किती आहेत ते मोजत नाही, किती किलोवॉटचे आणि किती गनांचे ते बघते. आणि प्रत्येक नियोजित चार्जरच्या आधी एक पर्यायी धरते. पुढचा धरत नाही.

घरी ५३ टक्के घेऊन पोहोचलो.

पैशांचं: निघताना घरी भरलेली, गावची आणि साताऱ्याची मिळून मीटरवरची सव्वादोनशेच्या आतबाहेर युनिटं. हायवेवरचं युनिट घरच्यापेक्षा खूप महाग पडतं, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, पण आमच्या प्रवासात तो वाटा लहान होता. आमची जुनी डिझेल गाडी याच जाण्या-येण्याला पंचावन्न लिटर प्यायची, म्हणजे पाच हजारांच्या घरात. यावेळी निम्म्याहून थोडं अधिक लागलं. टोलला विजेची म्हणून राष्ट्रीय महामार्गावर सूट नाही. राज्याच्या नव्या धोरणातली माफी मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूसाठी आहे, आमच्या रस्त्यासाठी नाही. बचत आहे, पण गाडीच्या किमतीतला फरक अशा दोन-चार प्रवासांत भरून निघेल असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. तो भरून निघेल तर रोजच्या ऑफिसच्या चकरांतून.

दिवाळीत भाऊजींचा फोन आला. त्यांच्या चुलतभावाने मुंबईहून विजेची गाडी आणली होती, छोट्या बॅटरीची. उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "पडवीत पॉइंट आसा ना?" तीन रात्री त्याने तिथेच लावली. त्याच्याकडून किती घ्यायचे हे भाऊजींना विचारायचं होतं. मी म्हटलं, मीटर वाचून घ्या. ते म्हणाले, घरच्या मीटरवर त्याचं वेगळं कसं कळणार? मग खांबावरच्या सॉकेटच्या वर एक छोटं सब-मीटर बसवायचं ठरलं. बाबांनी त्याखाली दोरीने एक वही टांगली आहे. पहिल्या ओळीत पुतण्याचं नाव आणि युनिटं आहेत. मे महिन्यात आम्ही जाऊ तेव्हा आमची ओळ त्याखाली येईल.